शिकण्याचा खाडा कोणी सोसावा?

(पैठण येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरच्या व्यवसायास प्रवेश घ्यावयाचा तर अटी थोड्या आहेत. शिक्षण आठवी उत्तीर्ण, किमान वय चौदा, मुदत एक वर्ष. कमाल वयाची अट नाही. म्हणजे पैठण तालुक्यातील पंचेचाळीस वर्षांच्या शेतमजुराने उद्या अर्ज भरला, तर नियम त्याला अडवीत नाही. तरीही अशा वर्गांतून बहुतेक बाके मिसरूड फुटू लागलेल्या मुलांनीच भरलेली असतात. दार उघडे असूनही माणूस आत येत नसेल, तर त्याच्या आळसाविषयी बोलण्यापूर्वी उंबरठ्याची उंची मोजली पाहिजे.

ती मोजणे अवघड नाही. शासकीय संस्थेची फी हा खर्चाचा लहानसा भाग आहे. खरा खर्च बुडालेल्या मजुरीचा. 2025-26 या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता. वर्षाकाठी तीनशे दिवस काम मिळते असे धरले, तर वर्षभर शिकणाऱ्याचे 93 हजार 600 रुपये बुडतात. याच्या बदल्यात त्याच्या हाती काय पडते? राज्य शासनाने 2023 साली आयटीआय प्रशिक्षणार्थ्यांचे विद्यावेतन दरमहा 40 रुपयांवरून 500 रुपयांवर नेले. म्हणजे वर्षाचे 6 हजार. सोळा वर्षांच्या मुलाला हे पैसे खर्चाला पुरतात, कारण त्याच्या जेवणाची सोय बापाच्या मजुरीतून झालेली असते. बापच वर्गात जाऊन बसला, तर चूल कोणाच्या मजुरीवर पेटावी? ज्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे, त्याचा तर पुढचा हंगामही आधीच विकला गेलेला असतो. या व्यवस्थेने शिकणारा म्हणजे दुसऱ्याच्या कमाईवर जगणारा, असे गृहीत धरले आहे. वयाची अट कागदावर नसली तरी ती हिशेबात आहे.

यावर सुशिक्षितांचा एक आक्षेप ठरलेला असतो. ऐन उमेदीत जे शिकले नाही ते चाळिशीत शिकावयाचे, ही ज्याची त्याची हौस. तिचा भार सरकारने का उचलावा? पैठणच्या भूमीवर उभे राहून हा प्रश्न विचारणे धाडसाचे आहे. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. नाथसागराने मराठवाड्याला पाणी दिले, वीज दिली. ते उपकार कोणी नाकारणार नाही. पण शंभरावर गावांना त्याची झळ बसली. गोदाकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली तेव्हा तिची काही किंमत झाली. त्या जमिनीवर तीस वर्षे राबून मिळविलेल्या जाणतेपणाची किंमत कोणी केली नाही. कोणत्या रानात केव्हा वाफसा येतो हे जाणणारा कसबी शेतकरी एका सरकारी अधिसूचनेने अकुशल मजूर ठरला.

हा इतिहास जुना झाला, असेही म्हणता येत नाही. याच तालुक्यातील बिडकीन परिसरात औद्योगिक नगरीसाठी सुमारे आठ हजार एकर जमीन संपादित झाली आणि 2024 साली टोयोटा किर्लोस्करशी राज्य शासनाने सामंजस्य करार केला. कारखाने यावेत, त्यास विरोध असण्याचे कारण नाही. परंतु शेडच्या कैच्या, पाण्याच्या टाक्या, नळांचे जाळे, मोटारींचे सांगाडे ही सारी जोडकामाची कामे आहेत. ज्याची जमीन त्या शेडखाली गेली, त्याने तिच्या दारात पहारेकरी म्हणून उभे राहावे आणि आतले काम दूरच्या गावाहून आलेल्या कारागिराने करावे, हा विकास अर्धवट होय. अशा माणसाने मध्यम वयात धंदा बदलणे ही त्याची लहर नसते. सार्वजनिक निर्णयाने त्याच्यावर आणलेली ती गरज असते. आणि निर्णय सार्वजनिक असेल, तर त्याचा खर्च खासगी राहू शकत नाही.

येथे एका जुन्या झगड्याचे स्मरण करावयास हवे. लोखंड तापविण्याची आणि वळविण्याची विद्या शतकानुशतके जन्माने ठरत असे. भाता ज्याच्या घरी, विद्याही त्याच्याच घरी. 1950 साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेने ही विद्या सरकारी शाळेत आणली आणि कोणत्याही जातीच्या मुलाच्या हाती होल्डर दिला. हे कार्य लहान नव्हते. मात्र जन्माची अट मोडताना जन्मतारखेची अट मागल्या दाराने आत आली. 2024 सालच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय झालेल्या उमेदवाराला दरमहा 8 हजार रुपये ठरविण्यात आले, पण वय अठरा ते पस्तीसच्या दरम्यान असेल तरच. छत्तिसाव्या वर्षी वेल्डर झालेल्या माणसाला भूक कमी लागते, असा तर याचा अर्थ नव्हे?

पैसा नव्हता, ही सबबही टिकणारी नाही. 1992 साली केंद्राने राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन केला. उद्योगांच्या फेररचनेत ज्यांचे काम जाईल त्यांना नवे कौशल्य द्यावे, हे त्याचे एक घोषित उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात बहुतांश रक्कम स्वेच्छानिवृत्तीची देणी भागविण्यात गेली. त्याआधी 1986 साली बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधीची योजना आली. तीत पहिल्या वर्षी वेतनाच्या 75, दुसऱ्या वर्षी 50 आणि तिसऱ्या वर्षी 25 टक्के मदतीची तरतूद होती. कामाविना असलेल्या कामगाराला वेतनाचा अंश देता येतो, हे तत्त्व म्हणजे या देशाने तेव्हाच मान्य केले होते. ती तीन वर्षे नवी विद्या शिकण्याची वर्षे ठरावीत, यासाठी मात्र पुरेशी धडपड झाली नाही.

महाराष्ट्राला तर परक्या आदर्शाचीही गरज नाही. वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यात ज्या प्रयोगास आरंभ केला, त्याची कसोटी 1972 च्या दुष्काळात लागली आणि पुढे त्यातून रोजगार हमीचा कायदा झाला. या योजनेसाठी 1975 साली नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराने कर द्यावा आणि खेड्यातील मजुराला काम मिळावे, ही त्यामागची नीती होती. तिचेच पुढचे पाऊल असे की, जो प्रौढ मजूर मान्यताप्राप्त संस्थेत हजर राहून शिकतो, त्याचा शिकण्याचा दिवस हा कामाचा दिवस मानावा व त्याची मजुरी द्यावी. खडी फोडण्याला मजुरी आणि कसब शिकण्याला उपवास, ही विसंगती आता संपविली पाहिजे.

बाहेरच्या जगात हा विचार नवा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1974 सालीच पगारी शैक्षणिक रजेचा करार संमत केला. भारताने त्यावर मान्यतेची मोहोर उठविलेली नाही. स्वीडनने 2022 च्या कायद्याने मध्यम वयातील कामगाराला सुमारे एक वर्षाच्या शिक्षणासाठी, ठरावीक कमाल मर्यादेत, वेतनाच्या 80 टक्क्यांपर्यंत साहाय्य देऊ केले. समाजवादाशी ज्याचे नाते नाही त्या सिंगापूरनेही 2025 पासून चाळिशी ओलांडलेल्या पूर्णवेळ शिकणाऱ्यांना मासिक भत्ता सुरू केला.

पंचेचाळिशीतल्या माणसावर खर्च करून वसूल किती होणार, असा अर्थशास्त्री प्रश्न काही जण करतील. हिशेबच करावयाचा तर तो पुरता करावा. बापाची मजुरी वाढते तेव्हा मुलगी शाळेत टिकते आणि उसाच्या फडात जाणारा एक कोयता कमी होतो. ही वसुली एका माणसाच्या नोकरीच्या वर्षांत मोजता येत नाही.

तथापि या धंद्याचे गोडवे गाऊन कोणास फसवू नये. चाळिशीनंतर जवळचे दिसणे मंदावते. ढालीच्या काळ्या काचेमागे योग्य नंबराचा चष्मा नसेल तर वितळलेल्या धातूचा काठ नीट दिसत नाही आणि जोड कच्चा राहतो. डोक्यावरचा जोड मारताना खांदे भरून येतात. वेल्डिंगचा धूर कर्करोगास कारण ठरतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली दिला आहे. म्हणून शिक्षणाच्या मागणीस चष्मा, धूर खेचणारे पंखे आणि नियमित आरोग्यतपासणी यांची मागणी जोडलेली असली पाहिजे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी तालुक्यात चार मागण्या घेऊन फिरावे. प्रौढ प्रशिक्षणार्थ्यास किमान मजुरीइतका निर्वाहभत्ता मिळावा. संध्याकाळचे वर्ग निघावेत, आणि ऊसतोडीचा हंगाम सांभाळून वर्षाची आखणी व्हावी. प्रशिक्षण योजनांतील पस्तिशीची अट रद्द व्हावी. आणि प्रमाणपत्र मिळविलेल्या वेल्डरची नोंद ठेकेदाराच्या हजेरीपटावर हेल्पर म्हणून न होता कुशल कामगार म्हणून व्हावी. पहिल्या तीन मागण्या सरकारपुढे मांडावयाच्या आहेत. चौथीसाठी कारखान्याच्या फाटकावर संघटना उभी करावी लागेल; आणि ते काम कोणत्याही अर्थसंकल्पाची वाट न पाहता सुरू करता येईल.