आनंदाचे माप

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



नव्या घराची वास्तुशांत होते. पाहुणे खोल्या पाहून कौतुक करतात, पेढे वाटले जातात आणि पहिले काही महिने घरातील प्रत्येक जण नव्या भिंतींवरून हात फिरवीत असतो. वर्ष उलटते. मग त्याच माणसांना समोरच्या इमारतीतील मोठी गच्ची दिसू लागते. घर लहान झालेले नसते, नजर सरावलेली असते. सुख वस्तूबरोबर येते आणि सवयीबरोबर ओसरते. ते ओसरले की माणसाला वाटते, वस्तूच कमी पडली. आणि तो पुन्हा बाजाराची वाट धरतो. कर्जाचे हप्ते मात्र वीस वर्षे ओसरत नाहीत, हा भाग वेगळा!

आपल्या पूर्वजांनी सुखाकडे तुच्छतेने पाहिले, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आक्षेप घेणाऱ्यांनी तैत्तिरीय उपनिषद उघडून पाहिलेले दिसत नाही. त्यातील ब्रह्मानंदवल्लीत आनंदाची चक्क मोजदाद केलेली आहे. त्यासाठी ऋषींनी एकक कोणते घेतले? एक तरुण घेतला. तो सदाचारी आहे, विद्यावान आहे, सुदृढ व बलवान आहे आणि धनाने भरलेली सारी पृथ्वी त्याच्या मालकीची आहे. अशा तरुणाचा जो आनंद, तो एक मानुष आनंद. म्हणजे यौवन, आरोग्य, संपत्ती यांपैकी कशाचाही येथे धिक्कार नाही. उलट, त्यांनाच माप म्हणून स्वीकारले आहे.

पुढे प्रत्येक पायरीला तो आनंद शतगुणित होत जातो. मनुष्यगंधर्व, देवगंधर्व, पितर, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती असे करीत ही मोजणी ब्रह्मदेवापर्यंत पोहोचते. पण या चढणीत, दुसऱ्या पायरीपासून, एक वाक्य प्रत्येक वेळी न चुकता येते : जो श्रोत्रिय आहे आणि कामनेने घायाळ झालेला नाही, त्याचाही आनंद एवढाच. ‘अकामहत’ हा तो शब्द. इंद्राला जे इंद्रपदावर बसून मिळाले, ते या माणसाला जागचे न हलता मिळाले आहे! पृथ्वीचा मालक झालेला तरुण पहिल्या पायरीवरच उभा आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. महाभारतातील ययातीने तर मुलाचे तारुण्य मागून घेतले, सहस्र वर्षे भोग भोगले आणि शेवटी ते तारुण्य पुरूला परत केले. तृप्ती काही हाती लागली नाही.

यावर कोणी म्हणेल, ही अरण्यातील ऋषींची भाषा झाली. संसारी माणसाने काय करावे? शंका रास्त आहे. म्हणून उपनिषदातून थेट आपल्या काळात यावे.

हिंगोली जिल्ह्यातील कडोळीत 1916 साली जन्मलेले नानाजी देशमुख 1977 मध्ये बलरामपूरमधून लोकसभेवर निवडून आले. जनता पक्षाचे राज्य आले होते. मंत्रिपद समोर चालून आले. नानाजींनी ते नाकारले. साठी उलटलेल्यांनी सत्तेतून बाजूला व्हावे, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्याची सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली. ज्या वयात इतरांची खुर्चीवरील पकड घट्ट होते, त्या वयात ते गोंडा जिल्ह्यात गेले. जयप्रकाशजी आणि प्रभावतीदेवी यांच्या नावांवरून तेथे ‘जयप्रभाग्राम’ उभे राहिले. शेताला पाणी आणि हाताला काम, एवढे साधे सूत्र होते. पुढे चित्रकूट. तेथे 1991 साली ग्रामोदय विद्यापीठ स्थापन झाले. परिसरातील खेड्यांत पदवीधर दांपत्ये राहावयास गेली. ‘समाजशिल्पी’ हे त्यांचे नाव. शेती, आरोग्य, शिक्षण आणि गावातील तंटे गावातच मिटविणे, ही त्यांची कामे.

याला त्याग म्हणण्याची आपली रीत आहे. त्या शब्दात काहीतरी गमावल्याची छटा आहे, म्हणून तो येथे नेमका बसत नाही. मंत्रिपद घेतले असते, तर जनता सरकार 1979 साली कोसळले तेव्हा तेही संपले असते. चित्रकूटचे काम मात्र त्यांना नव्वदी ओलांडेपर्यंत पुरले. 27 फेब्रुवारी 2010 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. देहदानाचा संकल्प त्यांनी आधीच केलेला होता. त्यानुसार वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी त्यांचा देह दिल्लीला पाठविण्यात आला.