सहा दिवसांची रजा

नाटक-सिनेमा पाहताना रडणाऱ्या माणसांविषयी माझ्या मनात पुष्कळ वर्षे एक प्रकारची कीव होती. आमच्या घरात नाटकांचा नाद मोठा. 'एकच प्याला' पाहून माझी आई आणि शेजारच्या दोघीतिघी पदर भिजवून परत येत, आणि आम्ही मुले त्यांना दारातच विचारीत असू, "आज किती रडलात?" पुढे वय वाढले, चार पुस्तके वाचली, आणि त्या बालिश थट्टेला मी रसिकतेचे नाव दिले. डोळ्यांतून पाणी काढणे ही कलेची सर्वांत सोपी करामत आहे, कांदाही ती करतो, असे मी मित्रमंडळींत म्हणत असे, आणि हे वाक्य मला फार आवडत असे.

युद्धातल्या प्रेमकथांचे तर मला वावडेच होते. स्टेशनचा फलाट, वाफ सोडणारे इंजिन, हलणारा रुमाल. मग एक पत्र, मग पत्रांचे थांबणे, आणि शेवटी तार. प्रेक्षकांच्या डोळ्यांतून पाणी उपसण्याचे हे ठरलेले रहाटगाडगे आहे, आणि त्याला निदान आपण तरी जुंपून घ्यायचे नाही, अशी माझी प्रतिज्ञा होती.

काही वर्षांपूर्वी इंदूरला भाच्याकडे राहायला गेलो होतो. तो तेथल्या एका चित्रपट मंडळाचा सभासद. "मामा, जुना रशियन चित्रपट आहे, दीड तासाच्या आत सुटतो," एवढ्या आमिषावर त्याने मला नेले. चित्रपट होता 'बॅलड ऑफ अ सोल्जर', म्हणजे एका सैनिकाचा पोवाडा म्हणा, किंवा गाथा म्हणा. ग्रिगोरी चुखराय या दिग्दर्शकाने तो 1959 साली मॉस्कोच्या मॉसफिल्म या संस्थेत तयार केला. पोवाडा म्हटल्यावर मी तलवारींच्या खणखणाटाची तयारी करून बसलो. पडद्यावर दिसली ती एका खेड्यातली काळ्या कपड्यांतली स्त्री. गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाशी ती येऊन उभी राहते आणि दूर पाहत राहते. निवेदकाचा आवाज सांगतो की, ती आता कोणाची वाट पाहत नाही. ज्याची पाहत होती तो तिचा मुलगा अल्योशा युद्धातून परत आला नाही. दूर परक्या मुलखात त्याचे दफन झाले आहे; अनोळखी लोक तेथे फुले वाहतात आणि त्याला वीर म्हणतात. तिच्या लेखी मात्र तो फक्त मुलगा होता.

मी मनात म्हटले, चला, शेवट कळला. आता रडण्याचे कारण उरले नाही. गोष्टीचा शेवट आधी ठाऊक असला की माणूस सुरक्षित असतो, अशी माझी समजूत होती. माझी फसगत झाली ती तेथेच.

गोष्ट अगदी साधी आहे. एकोणीस वर्षांचा अल्योशा आघाडीवर संदेश पोहोचविणाऱ्या तुकडीत आहे. शत्रूचे रणगाडे अंगावर येतात, तो जीव घेऊन पळतो, आणि पळता पळता हाती लागलेल्या रणगाडाभेदी बंदुकीने दोन रणगाडे निकामी करतो. सेनापती त्याला पदक देऊ करतात. हा म्हणतो, पदकाऐवजी आईला भेटून येण्याची रजा द्या. घराचे छप्पर गळते आहे, ते दुरुस्त करायचे आहे. सेनापती हसतात आणि सहा दिवस देतात: दोन जाण्याचे, दोन येण्याचे, दोन छपराचे.

येथून पुढे सगळा चित्रपट म्हणजे या सहा दिवसांचा जमाखर्च आहे. आघाडीकडे निघालेल्या एका तुकडीतला सैनिक त्याला गाठतो आणि आपल्या बायकोला निरोप द्यायची गळ घालतो. नुसता निरोप कसा पाठवायचा? मग तुकडीच्या वाट्याला आलेल्या साबणाच्या दोन वड्या त्या सैनिकासाठी त्याच्या हाती दिल्या जातात. युद्धकाळी साबण ही चैनीची वस्तू. अख्ख्या तुकडीने आपली आंघोळ एका अनोळखी बाईला भेट पाठविली! पुढे स्टेशनवर एक पाय गमावलेला सैनिक भेटतो. बायकोसमोर अशा अवस्थेत जाऊ नये, तिला मोकळे करावे, असे त्याच्या मनात आहे. अल्योशा त्याच्यासाठी थांबतो आणि स्वतःची गाडी चुकवितो. दुसऱ्याच्या अडचणीत तो आपले तास असे देत जातो, जणू त्याच्यापाशी ते मोजकेच नाहीत. मागणाऱ्यांना मात्र त्याच्या खिशात किती उरले आहे हे दिसत नाही. ते दिसते फक्त आपल्याला, कारण शेवट आपल्याला ठाऊक आहे. मी खुर्चीत अस्वस्थ होऊन मनातल्या मनात त्याला सांगू लागलो, "अरे, पुरे झाले, आता तू नीघ!" पडद्यावरच्या माणसाशी मी बोलू लागलो आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही.

आणि मग ती प्रेमकथा येते. मालगाडीच्या गवताने भरलेल्या डब्यात तो चोरून चढतो. पुढच्या एका स्टेशनवर शूरा नावाची मुलगी त्याच डब्यात शिरते. आत एक सैनिक आहे हे पाहून ती इतकी घाबरते की धावत्या गाडीतून उडी टाकू पाहते. हळूहळू भीती जाते. भाकरी वाटून खाल्ली जाते. तो तिच्यासाठी पाणी आणायला उतरतो तेव्हा गाडी सुटून जाते. तो धडपडत पुढचे स्टेशन गाठतो, तर ती तेथे उतरून त्याची वाट पाहत उभी असते. ती दोघे मिळून साबण पोहोचवायला जातात आणि त्या सैनिकाच्या बायकोने दुसरा संसार मांडलेला पाहतात. अल्योशा जिन्यावरून परत फिरतो, साबण मागून घेतो, आणि तो सैनिकाच्या म्हाताऱ्या बापाला नेऊन देतो. तुमचा मुलगा किती शूर आहे याची कहाणीही जागच्या जागी रचून सांगतो. शूरा हे सगळे पाहते. एका मुलीने एका मुलावर प्रेम करायला याहून अधिक काय पाहायला हवे?

या दोघांत प्रेमाचा एक शब्द उच्चारला जात नाही. तिने आरंभी स्वतःच्या संरक्षणासाठी एक थाप मारलेली असते की, आपला वाङ्निश्चय झाला आहे आणि आपण जखमी वाग्दत्त वराला भेटायला निघालो आहोत. फलाटावर निरोप घेताना ती थाप होती असे ती सांगून टाकते. गाडी हलते, आणि बऱ्याच वेळाने, डब्याच्या दारात उभा असताना, अल्योशाला उमगते की ती कबुली नव्हती, तो प्रेमाचा उच्चार होता. तो आपल्या गावाचे नाव ओरडून तिला सांगू पाहतो, पण गाडीच्या गडगडाटात ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पाहा, फलाट होता, इंजिन होते, निरोप होता. माझे रहाटगाडगे सगळे जागच्या जागी होते. फक्त ते फिरविणारा हात दिसत नव्हता.

पुढे रात्री गाडीवर बाँब पडतात. जळत्या डब्यांतून माणसे बाहेर काढण्यात उरलेला वेळही जातो. कशीबशी एक मोटार मिळवून तो गावी पोहोचतो तेव्हा त्याच्यापाशी दिवस नाहीत, तास नाहीत. आल्या पावली परतायचे आहे. आई शेतात आहे. कोणीतरी तिला सांगते, आणि ती उभ्या पिकातून धावत सुटते. रस्त्यावर मायलेकरे भेटतात. छप्पर गळते ते तसेच राहते. इतक्या दिवसांनी भेटलेल्या मुलाला ती काय विचारते? तू आता दाढी करू लागलास का, असे विचारते. तंबाखूही ओढत असशील, असे म्हणते. मोटारीचा भोंगा वाजतो.

मी कधी रडू लागलो ते मला कळले नाही. दिवे लागले तेव्हा भाचा दुसरीकडे पाहत होता, इतपत त्याला समज होती. घरी चालत जाताना मी त्याला चित्रपटाविषयी काही बोललो नाही. त्याला मी माझ्या आजीची गोष्ट सांगितली.

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात. माझे थोरले काका दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. 1943 साली बेळगावहून मुंबईच्या बंदराकडे जाताना त्यांना वाटेत घरी थांबायला एक दिवस मिळाला होता. पण आगगाडी कोठेतरी खोळंबली, आणि त्या दिवसाचा अर्धा तास झाला. सोबत्याने छकडा गावाच्या तोंडाशीच उभा ठेवला होता. आजीने चुलीवर तवा टाकला, आणि मुलाला गूळ आवडतो म्हणून वाटी घेऊन शेजारणीकडे गेली. शेजारीण देवळात गेली होती; आजी तिसऱ्या घरी गेली. परत आली तेव्हा काका उंबऱ्यात चपला घालीत होते. ताटात अर्धी भाकरी उरली होती. 1944 साली ते इटलीत कामास आले.

पुढे आजी आमच्याजवळ सातारा शहरात राहू लागली. ही गोष्ट ती वरचेवर सांगे, आणि दर वेळी तिचा शेवट एकच असे: "गुळाला गेले नसते, तर माझं लेकरू आणखी घटकाभर डोळ्यांपुढं राहिलं असतं." आम्हां मुलांना ते पाठ झाले होते. एका गणपतीत घरात नकलांचा कार्यक्रम केला, तेव्हा मी डोक्यावर पदर घेऊन, हातात वाटी धरून आजीची नक्कल केली. सगळे हसले. आजीही पदर तोंडाला लावून हसली. तो पदर हसू झाकण्यासाठी होता असेच मी पन्नासांहून अधिक वर्षे समजत होतो. ते तसे नव्हते, हे मला इंदूरच्या त्या अंधाऱ्या सभागृहात कळले.

नंतर मी चुखराय यांच्याविषयी थोडे वाचले. ते स्वतः त्या युद्धात लढले होते, स्टालिनग्राडच्या आघाडीवर होते, जखमी झाले होते. सोव्हिएत देशाने त्या युद्धात सुमारे 2 कोटी 70 लक्ष माणसे गमावली असे इतिहासकार सांगतात. हा आकडा ऐकून माणूस दिङ्मूढ होतो, पण रडत नाही. कारण एवढ्या मोठ्या संख्येला चेहरा नसतो. चुखराय यांनी माणसे मोजली नाहीत, मिनिटे मोजली. अल्योशाचा मृत्यू त्यांनी पडद्यावर दाखविलाच नाही. दाखविले ते त्याने दुसऱ्यांना दिलेले तास, एक न ऐकू आलेले गावाचे नाव, आणि एक न शिवलेले छप्पर. युद्ध माणसाचा प्राण घेते हे आपल्याला ठाऊक असते. त्याआधी ते त्याची फुरसत घेते, बोलणे अर्ध्यावर तोडते, गूळ आणायला गेलेल्या आईला परत येऊ देत नाही, हे कोणीतरी दाखवावे लागते.

इटलीत फोर्ली या गावी, ज्यांचे दहन झाले अशा भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. तेथल्या नावांत माझ्या काकांचेही नाव आहे. परक्या मुलखातले लोक तेथेही फुले ठेवीत असतील, आणि त्यांच्या लेखी तो एक शूर शिपाई असेल. ते खोटे नाही. पण आमच्या घरी तो गूळ आवडणारा मुलगा होता.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरचे कोणी आजही सरहद्दीवर असेल, आणि सुटीचे मोजके दिवस घेऊन घरी येत असेल. तो आला की घरात लगबग उडते. कोणी बाजारात धावते, कोणी स्वयंपाकघरात गुंतते. तसे होणारच, तेही प्रेमच आहे. तरी एकाने त्याच्यासमोर नुसते बसून राहावे, एवढेच सुचवावेसे वाटते.

माझी आजी माझ्या वयाच्या अकराव्या वर्षी वारली. शेवटच्या दिवसांत ती संध्याकाळी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडी; कधी कधी तर निवडलेलेच पुन्हा निवडी. तिला कमी दिसते, म्हणून ती उजेडात बसते, असे आम्ही म्हणत असू. पण घरात दिवा होता, आणि तिचे तोंड सुपाकडे नसे, रस्त्याकडे असे.