प्रवासातील विसावा आणि एक डोंगर



दीर्घ प्रवासात मुक्कामाचा दिवस उगवला की बहुतेक प्रवासी अंग टेकतात. थोडे लोक मात्र त्याच दिवशी पायी निघतात. चार्ल्स डार्विन हा अशा थोड्यांपैकी होता. २७ डिसेंबर १८३१ रोजी 'बीगल' जहाजाने इंग्लंडचा किनारा सोडला, तेव्हा त्याचे वय अवघे २२ वर्षांचे होते. दक्षिण अमेरिका, गॅलापागोस, ऑस्ट्रेलिया आणि कोकोस बेटे पाहून २९ एप्रिल १८३६ रोजी जहाज मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात आले. चार वर्षांहून अधिक काळ लोटला होता. समुद्र त्याला कधीच मानवला नाही. लाटा उसळल्या की मळमळीने तो आडवा होई. घराची ओढ तर आता अनावर झाली होती. बंदरातील ते दहा-अकरा दिवस म्हणूनच त्याला विसाव्याचे वाटले असतील.

पहिले दोन दिवस शहरात आणि समुद्रकाठी हिंडण्यात गेले. २ मे रोजी तो शहराच्या पाठीशी उभ्या असलेल्या 'ले पूस' या डोंगरावर चढला. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ अंगठा. माथ्यावर अंगठ्यासारखा एक सुळका असल्याने हे नाव पडले. डोंगराची उंची सुमारे ८१२ मीटर आहे. हिमालय पाहिलेल्यांना ती किरकोळ वाटेल. परंतु डोंगराची थोरवी केवळ उंचीवर मोजावी असे थोडेच आहे!

वरून त्याला बेटाची घडण एका दृष्टिक्षेपात दिसली. कडेने जुन्या, झिजलेल्या, तुटक डोंगरांचे कडे आणि मध्ये त्यामानाने नव्या लाव्हाचे विस्तीर्ण पठार. हे डोंगर काळ्या बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्याच जातीच्या दगडाचे आहेत. त्यांचे थर समुद्राकडे कललेले त्याने नोंदवले. हे वर्तुळ कसे घडले असावे, याचा विचार पुढे त्याने ज्वालामुखी बेटांवरील आपल्या १८४४ च्या ग्रंथातही केला.

पायथ्याच्या प्रदेशात आखीव शेते होती, त्यांत विखुरलेली घरे होती. इंग्रजांनी १८१० मध्ये बेट घेतल्यापासून साखरेची निर्यात ७५ पटींनी वाढल्याचे त्याला सांगण्यात आले. या भरभराटीचे एक मोठे कारण त्याने दिले, ते म्हणजे तेथील उत्तम रस्ते.

सज्जनहो, येथे क्षणभर थांबावे लागते. हे रस्ते कोणाच्या हातांनी झाले?

त्याचे उत्तर डार्विनने शहरातच पाहिले होते. हिंदुस्थानातून जन्मठेपेवर पाठविलेले सुमारे ८०० कैदी तेव्हा तेथे सार्वजनिक कामांवर राबत होते, अशी त्याची नोंद आहे. १८१५ पासून बंगालमधून, आणि पुढे मुंबई इलाख्यातूनही, असे कैदी या बेटावर धाडले जात; रस्ते बांधणे व दुरुस्त करणे हेच त्यांचे मुख्य काम. त्यांची भारदस्त चर्या पाहून डार्विन चकित झाला. हिंदुस्थानची माणसे अशी दिसत असतील, याची त्याला कल्पनाच नव्हती. त्यांपैकी बहुतेक खुनासारख्या गुन्ह्यांसाठी आले होते; पण काहींचा अपराध नीतीच्या दृष्टीने अपराधच म्हणता येणार नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिले. त्यांची स्वच्छता, शांत वागणूक आणि स्वधर्माचे आचार पाळण्यातील निष्ठा त्याच्या मनात भरली.

तरीही डोंगरावरून रस्त्यांचे कौतुक करताना त्या माणसांचा उल्लेख तो करीत नाही. कैदी एका पानावर राहतात, रस्ते दुसऱ्या. एवढ्या सूक्ष्म निरीक्षकाच्या हातून ही गाठ सुटावी, हे चटका लावणारे आहे. उंचीवरून शेते आणि वाटा स्पष्ट दिसतात. खडी फोडणारा हात दिसत नाही.

तो काळही मोठ्या उलथापालथीचा होता. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथे गुलामगिरी कायद्याने संपली, तरी मुक्त झालेल्यांना 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३९ पर्यंत जुन्या मालकांकडेच राबावे लागले. उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणण्यास १८३४ मध्येच आरंभ झाला होता. पुढे जवळजवळ ५ लाख माणसे या बेटावर उतरली; मुंबई बंदरातून निघालेल्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. ज्या घाटावर ती उतरत, तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

डोंगर उतरल्यावर डार्विन बेटाचे सर्वेक्षक कॅप्टन लॉइड यांच्या घरी दोन दिवस राहिला. ५ मे रोजी तो समुद्रातून वर उचललेले प्रवाळखडक पाहण्यास 'रिव्हिएर न्वार' भागात गेला. परतताना लॉइड यांच्या हत्तीवर त्याने सवारी केली. एवढ्या अवाढव्य प्राण्याचे पाऊल मुळीच वाजत नाही, याचेच त्याला सर्वांत नवल वाटले. ९ मे रोजी जहाज केप ऑफ गुड होपकडे निघाले.

'रिव्हिएर न्वार' जिल्ह्यातील कास्काव्हेल गावी आज मराठी वंशाची कुटुंबे राहतात, आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुटी असते. ले पूसच्या पलीकडच्या अंगाला, मोका येथे, १९७० साली स्थापन झालेली महात्मा गांधी संस्था आहे. तेथे मराठी शिकविली जाते.