पावलं मोजणारे आणि कागद सांभाळणारे

सुरतेहून बारडोलीला जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग 48 ला मिळतो, तिथे कडोदरा आहे. आसपास कापड रंगवणाऱ्या मिला आणि यंत्रमाग. त्यांत राबणारे ओडिशाचे, उत्तर प्रदेश-बिहारचे, तसे आपल्या खानदेशचेही. मोबाईल बहुतेकांकडे आहे. पण तब्येतीचं अ‍ॅप ज्याला डोळ्यांपुढे ठेवून बनतं, तो माणूस इथे क्वचित भेटतो.

तो सकाळी बूट घालून दहा हजार पावलं पुरी करायला निघतो. हा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही. 1965 मध्ये जपानी बाजारात आलेल्या 'मानपो-केई' या पाऊलमापकाच्या नावातून तो जगभर गेला. संशोधक आय-मिन ली यांच्या 2019 च्या अभ्यासात वयस्क स्त्रियांना साडेसात हजारांपुढे जास्तीचा लाभ दिसला नाही. मागावर 12 तासांची पाळी उभ्याने काढणाऱ्याला पावलांचा हिशेब काय कामाचा? त्याची झोप, पाठ, सतत खडखडाट ऐकणारे कान यांची विचारपूस करणारं अ‍ॅप हवं.

घरात फोन एकच असला, की बायकांची अडचण वेगळीच. मासिक पाळीच्या तारखा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर कोण लिहील?

उपकेंद्रातली आरोग्य सेविकाही अ‍ॅप वापरते, पण स्वतःसाठी नाही. गुजरातच्या 'टेको प्लस'वर ती गरोदर बायकांची तपासणी, बाळांचं लसीकरण नोंदवते. तिच्यासाठी अ‍ॅप म्हणजे कामाचं रजिस्टर. ते चटकन उघडलं नाही, तर माणसाशी बोलायचा वेळ त्यातच जातो.

तब्येतीच्या नोंदी सोबत असण्याची सगळ्यांत जास्त गरज आहे ती ये-जा करणाऱ्यांना. नंदुरबार-धुळ्याकडची कुटुंबं बारडोली भागात ऊसतोडीला येतात आणि हंगाम संपला की परततात. सिकलसेलचा त्रास नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आहे, तसाच दक्षिण गुजरातेतही. अशा रुग्णाचा रिपोर्ट बिऱ्हाड हलवताना हरवला, तर नव्या डॉक्टरांपुढे सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. 2021 मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा 14 अंकी आभा क्रमांक इथे उपयोगी पडतो. मात्र नुसता क्रमांक पुरत नाही. दवाखान्यात सांगून नोंदी त्याला जोडून घ्याव्या लागतात. त्या कुणाला दाखवायच्या, ते रुग्णानेच ठरवायचं.

हा क्रमांक काढायला पैसे पडत नाहीत. ज्यांनी अजून काढला नसेल, त्यांनी गावाकडे निघण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. आणि नोंदी जोडल्या जाईपर्यंत जुने कागद टाकून देऊ नयेत.