मामाच्या भुवयांवरचा कापूस : अंधारातले फोटो आणि नॉइज

(हा भाग जसा बोलले, जवळपास तसाच लिहून काढला आहे.)

आधी पाच सेकंद मी काही बोलत नाही. फक्त ऐका.

ऐकलंत? ही खडखड लूमची. मी भिवंडीत राहते, आणि आमच्या मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे. दर वेळी भाग रेकॉर्ड झाला की मी ॲपमध्ये जाऊन ही खडखड काढते. थोडी काढली तर ठीक. जास्त काढायला गेले की माझाच आवाज पाण्याच्या टाकीतून आल्यासारखा येतो. कारण खडखड कुठली आणि माझं बोलणं कुठलं, हे ॲपला नीट कळत नाही. ते अंदाज करतं, आणि अंदाज चुकला की माझे शब्द कापतं.

आज हीच गोष्ट फोटोंच्या बाबतीत सांगायची आहे. कमी उजेडात काढलेल्या फोटोवर जे दाणे दिसतात, लाल-हिरवे ठिपके दिसतात, त्याला म्हणतात नॉइज. तो कमी कसा करायचा? आणि किती करायचा?

हा विषय डोक्यात आला तो मामामुळे. माझा मामा गेली तीस वर्षं लूम चालवतो. मुंबईत १९८२चा गिरणी संप झाला, त्यानंतर भिवंडीत लूम खूप वाढले, हे तुम्ही घरात ऐकलं असेल. त्या वाढीच्या काळात मामा इथे आला. आता त्याच्या शेठने ठरवलंय, या महिन्याच्या शेवटी जुने लूम भंगारात द्यायचे आणि जागा गोदामाला भाड्याने द्यायची. मामा एवढंच म्हणाला, "माझा लूमसोबत एक चांगला फोटो काढून दे गं."

मी गेले रात्रपाळीला. अकरा वाजले होते, आत दोन-तीन ट्यूबलाइट आणि हवेत कापसाची कुस. दारात उभी राहिले, झूम केलं आणि क्लिक. फोटो बघून मला वाटलं, वा, किती स्वच्छ आला! मामाने बघितलं आणि म्हणाला, "हा मी नाय. हा कुठल्या तरी जाहिरातीतला म्हातारा आहे."

त्याचं बरोबर होतं. गाल मेणासारखे गुळगुळीत झाले होते. आणि एक गोष्ट मला नंतर दिसली. रात्रपाळीत मामाच्या भुवयांवर, केसांवर कापूस बसलेला असतो. बारीक, पांढरा. फोटोत तो नव्हताच! फोनच्या सॉफ्टवेअरला वाटलं, हे पांढरे दाणे म्हणजे नॉइज. पुसून टाकले. तीस वर्षांच्या कामाची खूणच गायब.

आता हे का होतं ते समजून घेऊ, मग पुढच्या गोष्टी सोप्या जातील.

पावसाची भुरभुर सुरू असताना गच्चीवर दहा वाट्या ठेवा. दोन सेकंदांनी उचला. एकीत तीन थेंब, एकीत सात, एकीत एकही नाही. आता त्याच वाट्या तासभर ठेवा. सगळ्यांत पाणी जवळपास सारखं. कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे अशा लाखो वाट्या, आणि प्रकाश थेंबाथेंबानेच पडतो. एका वाटीत सरासरी १०० कण पडले तर दहाएकचा फरक सहज पडतो, म्हणजे १० टक्के. १०,००० कण पडले तर फरक शंभरचा, म्हणजे फक्त १ टक्का. उजेड कमी म्हणजे कण कमी, कण कमी म्हणजे वाट्यावाट्यांत फरक जास्त. तो फरक म्हणजेच नॉइज. सेन्सर आणि त्याचं सर्किट स्वतःचीही थोडी भर घालतं, पण मूळ प्रकार हा.

मग आयएसओ काय करतो? बऱ्याच जणांना वाटतं, आयएसओ वाढवला की उजेड वाढतो. नाही! आयएसओ म्हणजे आवाजाचं बटण. जे आत आलंय तेच मोठं करतो, माझं बोलणंही आणि खडखडही.

म्हणजे खरा उपाय एकच : आत जास्त प्रकाश घ्या. नंतर पुसण्यापेक्षा आधी गोळा करा. दुसऱ्या दिवशी मी परत गेले, तेव्हा काय काय केलं ते क्रमाने सांगते.

पहिलं, लेन्स पुसली. कारखान्यात तेल आणि कुस दोन्ही बसतं. मऊ सुती कापडाने, हळूच.

दुसरं, झूम केलं नाही. मुख्य कॅमेरा वापरला आणि चालत जवळ गेले. बहुतेक फोनमध्ये मुख्य कॅमेऱ्याचाच सेन्सर मोठा असतो, म्हणजे वाट्या मोठ्या.

तिसरं, मामाला उजेडात आणलं. त्याच्या लूमवरच एक ट्यूब आहे. तो दोन पावलं पुढे आला, तोंड ट्यूबकडे केलं, आणि आयएसओ ३२०० वरून ८०० वर आला. म्हणजे चौपट प्रकाश, आणि नॉइज साधारण निम्मा. दोन पावलांत! एक रुपया खर्च नाही.

चौथं, शटर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला दिसत नाही, पण शटर फार वेगात असेल तर फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. मी १/५० ठेवलं.

पाचवं, हात स्थिर. खांबाला फोन टेकवून बघितला, तर खांबच थरथरत होता! एवढे लूम चालू असल्यावर काय होणार. मग कोपर छातीला घट्ट लावले, श्वास सोडला आणि टायमर लावला. चालू लूमला मात्र टेकायचं नाही, ओढणी, मोकळे केस आवरून उभं राहायचं. फोटोपेक्षा हात महत्त्वाचा.

मी मामाला म्हटलं, दोन मिनिटं लूम बंद कर. तो म्हणाला, "मीटरवर पैसे मिळतात मला. आणि बंद लूमसोबत फोटो काढून काय करू?" मग मागे धोटा पळतोय, तो पुसट येतो, येऊ दे. मामा स्थिर आहे ना, बस.

आता नाइट मोडबद्दल. २०१८ मध्ये गूगलने पिक्सेल फोनमध्ये नाइट साइट आणलं, तेव्हापासून हे सगळीकडे पोहोचलं. यात फोन एक नाही, अनेक फोटो काढतो, ते एकमेकांवर बसवतो आणि सरासरी घेतो. चार फोटोंची सरासरी म्हणजे नॉइज निम्मा, सोळांची म्हणजे पाव. ही चांगली पद्धत आहे, कारण इथे खरंच जास्त प्रकाश गोळा होतो. पण समोरची वस्तू हलत असेल तर फोन तिथे पुन्हा अंदाज करायला लागतो. देऊळ, रिकामी गल्ली, रात्रीचा वऱ्हाळदेवी तलाव, तिथे नाइट मोड लावा. चालू लूमसमोर मी तो बंद ठेवला आणि रॉ फोटो काढला. रॉ म्हणजे फोनने पुसापुशी न केलेली मूळ फाइल.

नंतर एडिटिंग. लाइटरूमसारख्या ॲपमध्ये नॉइजचे दोन भाग असतात. एक रंगाचा नॉइज, ते लाल-हिरवे ठिपके. तो बिनधास्त कमी करा, चेहऱ्याचं फारसं नुकसान होत नाही. दुसरा उजेडाचा नॉइज, ते राखाडी दाणे. त्याचा स्लायडर हळूहळू सरकवा आणि एका जागी नजर ठेवा. मी मामाच्या भुवया बघत होते. कापूस विरघळायला लागला तिथे थांबले, आणि थोडं मागे आले. कोपऱ्यातला अंधारही उजळला नाही. तिथे काही नव्हतंच, ओढून काढलं तर दाणेच येणार.

आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सगळी मेहनत चौकोन चौकोन होऊन पोहोचते.

फोटोत थोडे दाणे आहेत अजून. असू देत. प्रिंट काढून मामाला दिली. त्याने आधी लूम बघितला, मग स्वतःला. म्हणाला, "आंघोळ करून आलो असतो तर बरं झालं असतं." मामीने मात्र तो फोटो लगेच देवघराशेजारी लावला.

तर मंडळी, तुमच्याही घरी कुणीतरी रात्रपाळी करत असेल. गोदामात, रिक्षावर, हॉस्पिटलात. आज त्यांना उजेडाकडे दोन पावलं पुढे बोलवा आणि एक फोटो काढा. पुसताना फक्त एकदा स्वतःला विचारा, हा नॉइज आहे की कापूस?

भेटू पुढच्या भागात. मागची खडखड आज मी काढलेली नाही. महिनाअखेरनंतर ती ऐकूच येणार नाहीये.