नाशिकचा उद्योग आणि पाण्याचा प्रश्न

सातपूर, अंबड, सिन्नरला एमआयडीसीचे भूखंड आहेत, एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र आहे आणि 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सिन्नर, इगतपुरीवरून जातो. तरीही नाशिकमध्ये कारखाना काढणाऱ्याची खरी कसोटी पाण्याची आहे. गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून शहर, शेती, उद्योग सगळ्यांनाच पाणी हवं असतं, आणि राज्याच्या जलधोरणात उद्योगाचा नंबर पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्यानंतर लागतो. मग कारखाने कोरडेच राहणार का, असं कुणी विचारेल. तसं नाही. कूलिंग टॉवरला पिण्यायोग्य पाणी लागत नाही. शहराचं नीट शुद्ध केलेलं सांडपाणी तिथे चालतं. ते पाणी आणणाऱ्या वेगळ्या जलवाहिनीचा खर्च मोठा आहे, हे मान्य. पण टंचाईच्या उन्हाळ्यात यंत्रं बंद ठेवणं त्याहून महाग पडतं. तेव्हा भूखंडाचा दर विचारतानाच ही जलवाहिनी कधी येणार, हेही उद्योजकांनी ठणकावून विचारावं.