पिठात तेल नको, कोठीला कुंपण हवे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मी मालगुंडचा, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या केशवसुतांच्या गावचा. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुम्हाला एकेका सरीसाठी आभाळाकडे पाहावे लागते. मग कोकणातला माणूस कापूस-ज्वारीवाल्यांना काय सांगणार? एवढेच सांगणार, की ओलाव्यात धान्य टिकवताना आम्ही जे शिकलो ते तुमच्याही उपयोगाचे आहे. कीड लागेल या भीतीने ज्वारी खळ्यावरूनच विकली, तर भाव घेणारा ठरवतो. कोठी शाबूत असेल तर चार महिने थांबण्याची ताकद आपल्या हातात राहते.

आधी कीड ओळखा. सोंडकिडा अख्खा दाणा पोखरून आत अंडी घालतो. पिठातला तांबडा भुंगा वेगळा. धड दाणा त्याला फोडता येत नाही. तो फुटका दाणा, भुसा आणि पीठ यांवर जगतो. तो अंगातून एक द्रव्य सोडतो, त्याने पिठाला उग्र वास येतो. उबेत महिना-सव्वा महिन्यात त्याची नवी पिढी तयार होते. म्हणून दोन महिन्यांचे दळण एकदम आणणे म्हणजे त्याला आवतण देणे.

आता तेलाचे. लवंगेच्या आणि दालचिनीच्या पानांच्या तेलात युजेनॉल नावाचे द्रव्य असते. त्याच्या वासापासून हा भुंगा दूर पळतो. आमच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने नारळात मसाल्याची झाडे घेण्याची लाखीबाग पद्धत दिली. तिच्यात दालचिनी आहे, म्हणून ती आम्हाला परकी नाही. तुमच्या बांधावर कडुनिंब आणि एरंडी आहे.

पण एक गोष्ट नीट ऐका. वास किड्याला दूर ठेवतो, पिठात आधीच असलेली अंडी मारत नाही. झाकण आपणच लावलेले, मग आतला किडा जाणार कुठे? शिवाय वास काही दिवसांत उडतो. तेल हे कुंपण आहे. गुरे आत शिरल्यावर कुंपण घालून पीक वाचत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. ज्वारी कडक वाळवा. दाताखाली कटकन फुटली पाहिजे. पोती ५ टक्के निंबोळी अर्कात बुडवून पूर्ण सुकवा, मग धान्य भरा. पिठाचा डबा रिकामा झाला की सांदीतले जुने पीठ झाडून धुवा, उन्हात तापवा. जुन्या पिठावर नवे ओतू नका. दळण आठ-पंधरा दिवसांचेच आणा. पिठात तेल कालवू नका. चिंधीवर चार थेंब टाकून ती डब्याबाहेर, फळीवर ठेवा.

तूर, मूग, हरभरा यांना मात्र तेल थेट चालते. किलोला चमचाभर, म्हणजे क्विंटलला अर्धा लिटर एरंडेल चोळा. दाण्यावरच्या अंड्याला हवा मिळत नाही, ते मरते. शिजवण्याआधी डाळ धुवा. बियाण्याला लावायचे असेल तर आधी थोडे लावून उगवण तपासा.

शेवटी गोळ्यांबद्दल. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीतून हवेच्या ओलाव्याने विषारी वायू सुटतो. निजायच्या घरात ती ठेवणे म्हणजे लेकरांच्या उशाशी मरण ठेवणे. आणि किडाही तिला सरावतो. १९७२-७३ मध्ये जागतिक अन्न व शेती संघटनेने देशोदेशी पाहणी केली, तेव्हाच या वायूला दाद न देणारे किडे सापडले होते. बोंडअळी फवाऱ्याला कशी सरावते, हे कापूसवाल्यांना मी काय सांगावे?

गोळी विकत आणावी लागते. ऊन, झाडू, निंबोळी घरचीच आहे. आणि ही कोठी राखणारी आपली मायबहीण आहे. ज्वारी कधी विकायची हे ठरवताना तिलाही विचारा. कोठीत किती आहे आणि किती टिकेल, हे घरात तिलाच नेमके ठाऊक असते.